आता फक्त कम्प्युटर घ्यायचा राह्यला

९ जुलै २०१७, रविवार

अन् आज पुन्हा तेच. लॅपटॉप घे, लॅपटॉप घे. जमीरले हजारदा सांगतलं का क्रिएटिव्ह काम लॅपटॉपवर होत नाही, गरम होते, स्क्रीन उल्लीशी राह्यते, तरी हेका सोडत नाही. हा माणूस एसी रिपेअरवाल्याच्या हाताखाली हेल्पर. दिवसभर दुसऱ्याच्या घरची हवा थंड करते अन् संध्याकाळी खोलीत येऊन माझं डोकं गरम करते. म्हणे, खोलीमालकानं उद्या निघा म्हणलं तं डेस्कटॉप कोण उचलन? तुले तं सोताची गादी घडी करता येत नाही.

मी म्हणलं, गादीचं नाव घेऊ नको, गाद्यावाल्याचाच पोरगा आहे मी.

तो म्हणे, तेच तं.

आम्ही दोघं एकाच गावचे, आर्णीचे, म्हणून ऐकून घेतो. पुण्यात दुसरं कोणी असं बोललं असतं तं पाह्यलं असतं.

एका व्हिडिओत सांगतलं का मोठे आर्टिस्ट रोज डायरी लिहितेत. आजपासून रोज लिहिणार. एकही दिवस खाडा नाही.

१६ जुलै, रविवार

मध्ये लिहिणं झालं नाही. विचार चालू होता. विचार हेही कामच आहे.

प्लॅन एकदाचा लिहून ठेवतो म्हणजे डोक्यात गोंधळ राहणार नाही. आर्णीत मेन रोडवर अब्बाचं दुकान. रुई पिंजून गाद्या-रजया भरून द्यायचं काम. पिंजायची मशीन मागच्या बाजूले, पुढचा अर्धा भाग मोकळाच. तिथं नौशाद ग्राफिक्स. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानाचे बोर्ड, इलेक्शन. आर्णीत आज रोजी साधा फ्लेक्स पाह्यजे तं लोक यवतमाळले जातेत. अब्बानं कबूल केलं आहे. फक्त म्हणे, दिवाळीपर्यंत तुझी मशीन दुकानात दिसली पाह्यजे. नाही तं पुढचा भाग यवतमाळच्या फोमवाल्याले भाड्यानं देतो, तो दोनदा येऊन गेला.

फोमवाला. रुईवाल्याच्या दुकानात फोमच्या गाद्या. अब्बाले हे सांगतानी कसंनुसं झालं असन, पण बोलले सरळ. म्हणे, मागच्या साली गाद्या भरल्या तेच्या निम्म्याही यंदा नाही. ज्याच्या कापसाले भाव नाही तो गादी कायची भरते.

मी म्हणलं, अब्बा, दिवाळी बम दूर आहे. टेन्शन नका घेऊ.

१७ जुलै

कामाचंही लिहून ठेवतो. किसनरावाचं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान, भोसरीत. आत काचेच्या एसी खोलीत नयन नावाचा पोट्टा बसते, डिझाइन करते. बाहेर मी. फ्लेक्स मशीनमधून निघाला का मोजाचा, कापाचा, कडेनं लोखंडी कड्या ठोकाच्या, घडी कराची अन् चौकात बांबूवर चढून बांधाचा. म्हणजे डिझाइनचा शेवटचा टप्पा माझ्याकडं. नयनचं काम जिथं संपते तिथून माझं सुरू होते. घरी याले थोडक्यात 'डिझाइनर' असं सांगतलं आहे. सविस्तर सांगाले फोनवर टाइम कुठं राह्यते.

आठवीत शाळा सुटली ते चांगलं झालं. क्रिएटिव्ह माणसाले शिक्षणानं कुलूप लागते. अम्मीचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते तू शाळा नाही सोडली, शाळेनं तुले सोडलं.

२३ जुलै, रविवार

पुण्यातल्या कम्प्युटर मार्केटात जाऊन आलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलतो. दुकानातला पोट्टा म्हणे, सर, काम काय करता? म्हणलं, क्रिएटिव्ह. म्हणे, व्हिडिओ का ग्राफिक्स? म्हणलं, दोन्हीच्या मधलं. म्हणे, बजेट? म्हणलं, तुम्ही मशीन तं दाखवा, बजेटले कायची घाई.

मले सर म्हणलं. किसनराव 'ए यवतमाळ' म्हणते.

आय सेव्हन, सोळा जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, चोवीस इंची मॉनिटर. पेटीले एका बाजूनं काच, आत निळा लाइट जळते. पाहतच राह्यलो. सगळं मिळून ऐंशी हजार. माझ्यापाशी एकोणीस आहेत. म्हणजे सुरुवात झालेली आहे.

पक्कं ठरलं. डेस्कटॉप. हा विषय बंद.

३० जुलै, रविवार

विषय उघडा लागला.

त्याचं असं झालं. चहाच्या टपरीवर एक जण मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलता. एका हातात कटिंग, एका हातानं काम. आजूबाजूची माणसं सोताहून सरकून त्याले जागा देत होती. डेस्कटॉपवाल्याले असं कोणी सरकून जागा देणार आहे काय? डेस्कटॉप घरात राह्यते, तो कोणाले दिसते?

खोलीत आलो अन् जमीरले सांगाच्या बेतात होतो का तुझं बरोबर आहे, तं तोच सुरू झाला. म्हणे, मी आज एका साहेबाच्या बंगल्यावर एसी लावाले गेलतो, तिथं त्याचा मोठा डेस्कटॉप पाह्यला, काय चीज आहे बे, तू डेस्कटॉपच घे.

आता याच्या बोलण्यावरून मी डेस्कटॉप घेतला असं झालं असतं. म्हणून मी म्हणलं, अजिबात नाही, लॅपटॉप. रात्री जेवणापर्यंत भांडलो. तो डेस्कटॉपकडून, मी लॅपटॉपकडून. शेजारच्या खोलीतला हिरासिंग येऊन म्हणे, तुम्ही दोघं नेमकं कोणाच्या पैशाचं भांडून राह्यले?

असे लोक प्रगती होऊ देत नाही.

१५ ऑगस्ट

ऑनलाइन सेल. लॅपटॉपची बॅग अर्ध्या किमतीत. घेऊन टाकली. लॅपटॉप आज ना उद्या येईनच, मग बॅग महाग झाली असती.

१८ ऑगस्ट

माउस घेतला. रंग बदलते. अंधारात लाल, मग हिरवा, मग जांभळा. जोडाले काही नाही म्हणून मोबाइलच्या चार्जरवर लावून पाह्यला. लाइट चालते. क्वालिटी चांगली आहे.

२० ऑगस्ट, रविवार

मॉनिटरचं धूळकव्हर. चोवीस इंची. अन् पेननं चित्र काढाची काळी पाटी, तिच्याशिवाय प्रोफेशनल माणूस बसतच नाही म्हणतेत. जमीर म्हणे, अबे, बॅग लॅपटॉपची अन् कव्हर डेस्कटॉपचं, तुझ्या डोकशात चाललं काय? मी म्हणलं, मी दोन्ही रस्ते मोकळे ठेवून राह्यलो. यालेच प्लॅनिंग म्हणतेत.

तसं पाह्यलं तं सगळं झालं. आता फक्त कम्प्युटर घ्यायचा राह्यला.

२४ ऑगस्ट

उद्या गणपती. तीन दिवस झाले, फ्लेक्सच फ्लेक्स. बोटाले कडी ठोकताना मार लागला. अशा हातानं माउस कसा धरणार होतो? बरं झालं कम्प्युटर घेतला नाही अजून.

२ सप्टेंबर, शनिवार. बकरी ईद

घरी गेलो नाही. मशीन घेऊनच येईन असं सांगून बसलो होतो, मोकळ्या हातानं कसा जाऊ. अम्मीले म्हणलं, मोठ्या क्लायंटचं काम आलं आहे, डिझाइन अर्जंट. खोटं नव्हतं. सकाळची नमाज झाली का एका बिल्डरचा फ्लेक्स वाऱ्यानं फाटला म्हणून खांबावर चढलो होतो, तिथूनच फोन घेतला. अम्मी म्हणे, हवा जोरात येऊन राह्यली आवाजात. म्हणलं, एसी आहे.

मग अस्मा बोलली. अस्मा माझी लहान बहीण. बारावी झाली अन् अम्मीच्या बहिणीच्या, नुजहत खालाच्या सायबर कॅफेत बसते, लोकांचे फॉर्म भरून देते. म्हणे, भाईजान, फोटोच्या मागचं बॅकग्राऊंड कसं काढतेत, खालाच्या कम्प्युटरवर शिकून राह्यली. मी म्हणलं, तू अजून बेसिकवर आहेस, घाई करू नको, मी टाइम काढून सांगतो.

मग नयनले विचारलं. नयननं पेन टूल का काहीतरी सांगतलं. तेच अस्माले फॉरवर्ड केलं. आपल्याकडून एक विद्यार्थी घडून राह्यला याचं समाधान वाटलं.

१० सप्टेंबर, रविवार

अस्माचा मेसेज. पेन टूलपेक्षा दुसरं एक सोपं टूल भेटलं म्हणे, केसांची कडा त्याच्यानं बरी येते. मले नाव पाठवलं. मी 'ठीक आहे, पण सवय लावून घेऊ नको' असं लिहिलं.

नयनले ते टूल सांगतलं. तो म्हणे, हां, तेच तं वापरतो मी, तुले सांगून कायचा फायदा होता.

कापसाचं अब्बा बोलले. पाऊस उशिरानं आला, आता पऱ्हाटीवर बोंडं दिसतेत पण आत अळी आहे. गुलाबी. बोंड वरून चांगलं दिसते, फोडलं का आतून खल्लास. मी म्हणलं, अब्बा, तुमचं थोडी वावर आहे. ते म्हणे, बेटा, वावर नाही पण दुकान वावरावरच आहे ना. फोमवाला पुन्हा आलता.

२६ सप्टेंबर

मोका आला. नयनले ताप, चार दिवस येणार नाही. ग्रामपंचायतीची इलेक्शनं तोंडावर. किसनराव डोक्याले हात लावून बसलते. मी काचेची खोली उघडून आत गेलो अन् म्हणलं, मी करतो. ते म्हणे, तुले येते काय? म्हणलं, काका, मी इतके महिने रोज फ्लेक्स वाचून राह्यलो, माझ्याइतका अभ्यास कोणाचा आहे.

खुर्ची गोल फिरते. एसीची हवा बरोबर मानेवर येते. ही जागा माझीच होती, उशिरा भेटली एवढंच.

काम असं. एका गावचे भाऊसाहेब सरपंचाले उभे आहेत. वीस बाय दहाचा फ्लेक्स. मधात भाऊसाहेब मोठे, हात जोडून, खाली गोलागोलात कार्यकर्त्यांची तोंडं. सगळे फोटो भाऊसाहेबाचा ड्रायव्हर घेऊन आला, त्यात गोलात टाकाले त्याचा सोताचाही होता. नयनच्या साच्यावर चेहरे बसवाचे, नावं टाकाची. अर्ध्या दिवसात झालं.

एक गोष्ट मी सोताच्या डोक्यानं केली. भाऊसाहेबाचा फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला, कुठल्या तरी लग्नात काढलेला, मोठा केला का नाक अन् मिशी एक होऊन जात होती. वीस फुटांवर तो नुसता धूर दिसला असता. ड्रायव्हरचा फोटो मात्र स्टुडिओत काढलेला, एकदम क्लिअर, रोम-रोम दिसत होता. आता नियम काय सांगते? जो फोटो मोठा करून फाटत नाही तो मोठा ठेवाचा. म्हणून ड्रायव्हर मधात घेतला अन् भाऊसाहेब खाली गोलात, तिथं ते छान बसले. नावं जिथं होती तिथंच ठेवली, साचा बदलला नाही. कंपोझिशन अप्रतिम.

किसनराव दुसऱ्या फ्लेक्सच्या मापात होते. लांबूनच म्हणे, चेहरा क्लिअर आहे, टाक प्रिंटले.

२७ सप्टेंबर

सकाळी मीच बांधून आलो. गावच्या चौकात. खालून पाह्यलं तं अंगावर काटा आला. इतका क्लिअर फ्लेक्स त्या चौकानं पाह्यला नसन.

२८ सप्टेंबर

किसनरावाले फोन आला अन् त्यांचा चेहरा प्रिंटरमधली शाई संपल्यासारखा झाला.

झालं असं का मधात ड्रायव्हर, हात जोडलेला, खाली 'आपले लाडके भाऊसाहेब' अन् निशाणी. सकाळपासून लोक ड्रायव्हरले हार घालून राह्यले. चहावाल्यानं त्याच्याकडून पैसे घेतले नाही. समोरच्या पार्टीनं पेढे वाटले म्हणे. भाऊसाहेबाच्या मंडळीनं फ्लेक्स पाहून विचारलं का तुम्ही कुठं आहात यात, तेव्हा भाऊसाहेबाले सोताले शोधाले उल्लीसा टाइम लागला.

भाऊसाहेब दुकानात आले. ओरडले नाही. फक्त मले पाहून म्हणे, या पोराचं गाव कोणतं? किसनराव म्हणे, यवतमाळकडचं. भाऊसाहेब म्हणे, तिकडं अशीच पद्धत आहे का?

किसनरावानं मग शांतपणे समजावलं. म्हणे, बेटा, फ्लेक्सवर फोटोची क्वालिटी पाहत नाही, माणसाची पाहतेत. मोठा माणूस धूर दिसला तरी मोठाच ठेवाचा.

नवीन फ्लेक्स छापला, त्याचा खर्च माझ्या पगारातून. जुना फ्लेक्स ड्रायव्हर घरी घेऊन गेला.

मले वाटते, लोकांची नजर अजून तयार व्हायची आहे.

१ ऑक्टोबर, रविवार

फंड एकोणीसवरून सरकत सरकत बारावर आला आहे. सेलमधल्या वस्तू, भाऊसाहेब, मधात एकदा जमीरले ताप. पण बारा हजार म्हणजे काही कमी नाही. डोकं लावलं तं रस्ता आहे: हप्ते. मार्केटातला तो पोट्टाच म्हणत होता, सर, झीरो डाउन.

हे सगळं अस्माले फोनवर सांगतलं. फ्लेक्सचं नाही, हप्त्याचं. ती म्हणे, भाईजान, आपल्याले पत्रिका अन् फ्लेक्सच करायचे ना, मग ऐंशी हजाराचा कायले? म्हणलं, तू लहान आहेस. ती म्हणे, खालाचा जुना कम्प्युटर आहे, त्याच्यावर मी रोज करून राह्यली, चालते. म्हणलं, चालणं वेगळं अन् धावणं वेगळं. ती म्हणे, पण आपण तं अजून उभेच आहोत.

लहान बहिणीले जास्त फ्री केलं का असं होते.

८ ऑक्टोबर, रविवार

हप्तेवाला दुकानातच बसलेला राह्यते, टाय लावून. आधार दिलं, बँकेचं पासबुक दिलं. कामाचं विचारलं. म्हणलं, डिझाइनर, फ्लेक्स. म्हणे, कन्फर्म करावं लागते, मालकाचा नंबर द्या. दिला. स्पीकरवर लावलं त्यानं, हे मले आधी माहीत असतं तं नंबर दिला नसता.

हप्तेवाला म्हणे, नौशाद अय्यूब तुमच्याकडं डिझाइनर आहेत? किसनराव म्हणे, कोण? यवतमाळ? तो कड्या मारते. हप्तेवाला म्हणे, कड्या म्हणजे? किसनराव म्हणे, बाबा, फ्लेक्सले भोकं पाडते.

दुकानातला तो पोट्टा, जो मले सर म्हणत होता, तो उठून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला.

निळ्या लाइटवाली पेटी आज चालू नव्हती. लाइटशिवाय ती साधी पेटीच दिसते. मले हे आधी कोणी सांगतलं नव्हतं. असो. हप्ते हा श्रीमंतीचा रस्ता नाही, अब्बा पहिल्यापासून म्हणतेत.

११ ऑक्टोबर

जमीर म्हणे, बे, तुझी लॅपटॉपची बॅग नुसती लटकून राह्यली, मी पाने-पक्कड नेऊ का तिच्यात? दिली. वस्तू वापरात असलेली बरी.

१५ ऑक्टोबर, रविवार

अब्बाचा फोन. दिवाळी गुरुवारी. फोमवाला शुक्रवारी सामान घेऊन येणार आहे. म्हणे, बेटा, मशीन निघाली का तिथून?

म्हणलं, अब्बा, निघाच्याच बेतात आहे.

म्हणे, काय निघाच्या बेतात, मशीन का तू?

मी म्हणलं, आवाज कटून राह्यला. अन् ठेवला फोन. त्यांनी परत केला नाही.

जमीरनं विचारलं, काय म्हणे चाचा? म्हणलं, खुशाली. त्यानं पुढं लॅपटॉपचं नाव काढलं नाही का डेस्कटॉपचं. भांडला असता तं बरं झालं असतं.

१८ ऑक्टोबर

आज हिशेबानं विचार केला. फोमवाला आला तं काय होईन? भाडं येईन. अब्बाले आराम. म्हणजे मी मशीन नाही नेली यात घरचाच फायदा. नौशाद ग्राफिक्स काय, पुण्यातही होऊ शकते. उलट पुण्यात मोठं होईन.

हे लिहिलं अन् दोनदा वाचलं. पहिल्यांदा पटलं.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर फोन सायलेंटवर ठेवला. कामाच्या ठिकाणी डिस्टर्ब नको.

२१ ऑक्टोबर

अस्माचा फोटो आला व्हॉट्सॲपवर.

अब्बाचं दुकान. पुढच्या भागात टेबल. टेबलावर नुजहत खालाच्या सायबरमधला जुना डेस्कटॉप, चौकोनी सतरा इंची मॉनिटर, पेटी पिवळी पडलेली. मागं रुईच्या गाठोड्याले टेकून अब्बा उभे, हसून राह्यले. फोमवाला कुठंच नाही.

फोन केला. अस्मा म्हणे, खाला सायबर बंद करून राह्यली, आता सगळ्याइच्या मोबाइलात नेट आहे, कोणी येत नाही. मी तिचं जुनं काम दोन महिने फुकट करून दिलं, त्याच्या बदल्यात एक मशीन घेतली. फोमवाल्याले अब्बानं काल चहा पाजून परत लावला.

म्हणलं, मले कायले नाही सांगतलं? म्हणे, भाईजान, तुम्ही मशीन पाहून राह्यले होते ना, तुम्हाले डिस्टर्ब नको.

मी कॉन्फिगरेशन विचारलं. आय थ्री, तेही दुसऱ्या पिढीचं, चार जीबी रॅम. स्पष्ट सांगतलं का याच्यावर क्रिएटिव्ह काम होत नाही. ती म्हणे, ठीक आहे. अन् मागून अब्बाचा आवाज आला, पूछ उसको, खाना खाया क्या.

५ नोव्हेंबर, रविवार

अस्माचं पहिलं काम पाह्यलं. किराणा दुकानाचा बोर्ड. प्रिंट यवतमाळले करून आणते, डिझाइन सोताचं. दोन चुका काढून पाठवल्या. तिनं उत्तर दिलं का एक चूक नाही, गिऱ्हाइकाले तसंच पाह्यजे होतं, अन् दुसरी सुधारली. म्हणजे पन्नास टक्के माझं.

नयनले बोर्ड दाखवला. म्हणलं, माझ्या विद्यार्थ्याचं. तो बराच वेळ पाहत राह्यला. म्हणे, पोरगी आहे का? इथं पाठवतील का घरचे? म्हणलं, तिचा तिथं जम बसला आहे. मग मी कड्या माराले गेलो.

१९ नोव्हेंबर, रविवार

अम्मीशी बोललो. कापूस घरी आला तो पिवळा, किडका. व्यापारी हात लावत नाही. लोक तीच रुई स्वस्तात पिंजून घेऊन राह्यले, विकत नाही तं निदान अंगाखाली तं घालू म्हणतेत. अब्बाची मशीन चालू आहे पण पैसे उधार. घर सध्या पुढच्या टेबलावर चाललं आहे, अम्मीनं हे सहज सांगतलं, भाजीत मीठ किती पडलं तसं. लग्नाचा सीझन आला. अस्मापाशी पत्रिका अन् फ्लेक्सचं बम काम आहे म्हणे. मी म्हणलं, मार्गदर्शन लागलं तं मी आहे. अम्मी म्हणे, हां, तू तं आहेसच.

३ डिसेंबर, रविवार

अस्मानं मले सांगतलं नाही. अम्मीनं सांगतलं.

काल एका लग्नाचं पूर्ण काम, पत्रिका अन् स्टेजमागचा मोठा फ्लेक्स, सकाळपासून बसून केलं. सेव्ह कराच्या आधी लाईट गेली. मशीन बंद, सगळं साफ. आर्णीत लाईट रोजच जाते. नवरदेवाकडचे संध्याकाळी आले, तोवर तिनं पुन्हा केलं, तेव्हा पुन्हा गेली. तिसऱ्यांदा करून दिलं. जेवली नाही.

चार महिने मी अन् जमीर रॅमवर भांडलो. प्रोसेसरवर भांडलो, मॉनिटर किती इंची यावर भांडलो. व्हिडिओ किती पाह्यले त्याचा पत्ता नाही. लाईटचं नाव आमच्यातल्या एकाच्याही तोंडून निघालं नाही. दोघंही आर्णीचेच. लॅपटॉप असता तं त्याच्या बॅटरीवर काम वाचलं असतं, हे आज समजलं. जमीरले सांगणार नाही.

डेस्कटॉपले यूपीएस लावाची. छोटी पुरते, सहाशे व्हीएची, दोन-सव्वादोन हजारात भेटते. लाईट गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं मशीन चालू राह्यते, काम सेव्ह करून बंद करता येते. यात मले कोणाले विचारा लागलं नाही. कंपनी कोणती घ्याची, मागं तारा कुठं लावाच्या, सगळं अस्माले लिहून पाठवलं. तिनं एकही चूक काढली नाही. खाली लिहिलं, भाईजान, हे मले माहीत नव्हतं.

बाराच्या फंडातून दोन महिन्यांचं खोलीभाडं अन् खानावळ जाऊन अठ्ठावीसशे राह्यले होते. पाचशे खर्चाले ठेवतो. अस्माच्या खात्यात टाकून राह्यलो. रुपये दोन हजार तीनशे.